ओसाड बेटावरची सुट्टी

(द्वितीय वर्ष, कला)

"तिथे बघण्यासारखे आहे तरी काय?" सहलीचा विषय निघाला की आपण हा प्रश्न हटकून विचारतो. धबधबा असावा, बाग असावी, किल्ला असावा, अगदीच काही नाही तर एखादे देऊळ असावे, म्हणजे गाडीभाडे वसूल झाल्यासारखे वाटते. जिथे झाड नाही, नदी नाही, राजवाडा नाही, अशा जागी कोणी पदरचे पैसे खर्चून आठ दिवस आराम करायला जाईल, ही गोष्ट आपल्याला पटत नाही. परंतु जगात अशी माणसे आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत. ही माणसे ज्या बेटावर जातात त्या बेटाविषयी, आणि त्या निमित्ताने विश्रांती या दुर्लक्षित विषयाविषयी, मला चार शब्द लिहावेसे वाटतात.

यंदा पर्यटन भूगोलाच्या प्रकल्पासाठी आमच्या सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला काश्मीर आले, कोणाला स्वित्झर्लंड. माझ्या चिठ्ठीत निघाले लान्झारोते. नाव वाचताना अडखळले. नकाशा उघडल्यावर हे बेट अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या अंतरावर सापडले. कॅनरी द्वीपसमूहातील हे बेट राजकीयदृष्ट्या स्पेनचे. मी ते डोळ्यांनी पाहिलेले नाही. जे लिहिते आहे ते पुस्तके, नकाशे आणि प्रवाशांनी टिपलेली चित्रणे यांवरून लिहिते आहे. चित्रे पाहून एक मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर तुमच्या गावाकडची माळरानं!" ती थट्टेने म्हणाली होती. पण भूगोलाच्या दृष्टीने तिचे बोलणे बरेचसे खरे आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

आधी बेट पाहू. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६० किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ८४५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढे. सर्वांत उंच शिखर ६७० मीटरच्या आसपास, त्यामुळे ढग अडत नाहीत आणि पाऊस वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. आमच्या भागाला दुष्काळी म्हणतात, पण तिथेही बऱ्या वर्षी चारशे-पाचशे मिलिमीटर पडतो. बेटावर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने पाऊस, आणि त्यावर बाराही महिने वाहणारा वारा.

अशा या बेटावर युरोपातील माणूस विमानाने उतरतो, भाड्याची मोटार घेतो आणि आठवडाभर ती स्वतः चालवत फिरतो. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दीड तास पुष्कळ झाला. एक दिवस उत्तरेला जावे. तिथे आरिया नावाच्या गावाची ताडामाडांची दरी आहे, समुद्रावर कललेला चारशे मीटरहून उंच कडा आहे, आणि लाव्हारस वाहून गेल्यावर मागे उरलेली सहा किलोमीटरहून लांब पोकळ गुहा आहे. पूर्वी समुद्री चाचे आले की गावकरी या गुहेत लपत. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला जावे. तिथे हानुबिओची मिठागरे आहेत आणि एल गोल्फो येथे काळ्या वाळूत हिरव्या पाण्याचे तळे आहे. तिसऱ्या दिवशी मध्यावरचे तिमानफाया पाहावे. एवढ्यात बेट 'पाहून' संपते. उरलेल्या दिवसांत काय करायचे? तर त्याच रस्त्याने पुन्हा जायचे, वाटेल तिथे गाडी उभी करायची, आणि दगडांवर ऊन कसे फिरते ते बघत बसायचे. दोन्ही बाजूंना काळा लाव्हा आणि मधून डांबरी रस्ता. सावलीला झाड नाही, पण डोळ्यांत खुपणारा जाहिरातीचा फलकही नाही.

तिमानफायाची कथा मात्र आरामाची नाही. १ सप्टेंबर १७३० रोजी तिथली जमीन फाटली आणि एप्रिल १७३६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा वर्षे, ज्वालामुखी धगधगत राहिला. बेटाचा सुमारे चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला. गाडली गेली ती बेटावरची चांगल्यापैकी पिकाऊ जमीन होती, गावे होती. यायसा या गावच्या आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलो नावाच्या धर्मगुरूने पहिल्या काळातल्या घटनांची नोंद ठेवली, म्हणून आज आपल्याला तो इतिहास तपशिलाने ठाऊक आहे. त्यानंतरचा उद्रेक १८२४ सालचा, तो शेवटचा. तरीही काही ठिकाणी जमिनीखाली थोड्याच मीटरवर शेकडो अंश उष्णता आहे. खड्ड्यात वाळक्या काटक्या टाकल्या की त्या आपोआप पेटतात, आणि तिथल्या उपाहारगृहात जमिनीतून येणाऱ्या धगीवर मांस भाजतात. सुमारे तीनशे वर्षे लोटली तरी त्या लाव्हावर अजून बहुतेक ठिकाणी दगडफुलांखेरीज काही उगवलेले नाही. आपण गोड्या मसाल्यात जे दगडफूल घालतो त्याच्याच गणगोतातली ही दगडफुले. पाऊल पडले की ती दगडफुले मरतात, म्हणून १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या भागात वाटेल तसे चालू देत नाहीत. स्वतःची मोटारसुद्धा एका जागी ठेवून उद्यानाच्या बसने ज्वालामुखींच्या रस्त्यावर फिरावे लागते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की ही तर राखेची आणि दगडांची गोष्ट झाली. पण माझा खरा मुद्दा ला हेरिया या ठिकाणापासून सुरू होतो. राखेखाली शेत गेल्यावर लोकांच्या ध्यानात आले, की ही काळी, भरड राख रात्रीची ओल शोषते आणि दिवसा ती उडू देत नाही. मग त्यांनी राखेतून खाली, जुन्या मातीपर्यंत, माणूसभर खोल खड्डे खणले. प्रत्येक खड्ड्यात द्राक्षाचा एकच वेल लावला आणि वारा अडवायला खड्ड्याच्या काठावर दगडांची अर्धगोल भिंत रचली. असे हजारो खड्डे आजही आहेत. त्यांत यंत्र उतरत नाही. सगळे हातांनी करावे लागते आणि पीकही थोडकेच येते. प्रवासी मोटारीतून उतरतो, छायाचित्र घेतो आणि म्हणतो, काय विलक्षण देखावा! देखावा आहेच. पण तो निसर्गाने मांडलेला नाही. माणसाच्या पाठीच्या कण्याने तो मांडलेला आहे.

पाण्याचेही तसेच. पूर्वी पावसाचा थेंब न् थेंब टाक्यांत साठवत, आणि तोही संपला की दुसऱ्या बेटांवरून जहाजाने पाणी आणावे लागे. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर आला की जी धावाधाव होते ती आठवून, जहाजाची वाट पाहणाऱ्या त्या बायका माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. १९६० च्या दशकाच्या मध्यावर समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना तिथे उभा राहिला, आणि मगच पर्यटकांचे थवे येऊ शकले. म्हणजे 'ओसाड' बेटावर आठ दिवस स्वस्थ बसण्यासाठी आधी कोणीतरी ते बेट राहण्याजोगे करून ठेवलेले असते.

आता माझ्या मैत्रिणीची थट्टा खरी कशी, ते सांगते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जे उद्रेक झाले त्यांचाच थंड झालेला खडक म्हणजे आपला काळा कातळ. त्याच्याच झिजेतून आपली काळी माती आणि मुरूम झाला. आपण सगळे लाव्हावरच राहतो, फक्त आपला लाव्हा फार जुना आहे. मुरमाड माळावर खड्डे घेऊन डाळिंब जगवणारा आटपाडी-सांगोल्याकडचा शेतकरी आणि राखेत वेल लावणारा तो बेटावरचा शेतकरी यांना एकमेकांची भाषा समजणार नाही. पण 'ओल धरणे' म्हणजे काय, हे दोघांनाही समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्या भाषेत ओसाड हा शब्द आहे आणि पड हाही शब्द आहे. ओसाड म्हणजे सोडून दिलेले. पड म्हणजे दमलेल्या जमिनीला एक हंगाम विश्रांती. लांबून दोन्ही सारखीच दिसतात. रस्त्याने जाणाऱ्याला वाटते, रान वाया गेले आहे. रानाच्या धन्याला ठाऊक असते, की पुढच्या वर्षी इथेच बाजरी चांगली येणार आहे. जमिनीला विश्रांती लागते हे आपल्या आजोबा-पणजोबांना कळत होते. माणसालाही ती लागते, हे मात्र आपल्या घरांत अजून कळलेले नाही.

हे मी घरच्या अनुभवावरून म्हणते. आमचे अण्णा मालकाची गाडी चालवतात. पाहुण्यांना महाबळेश्वर-पाचगणीला नेऊन पॉइंट दाखवणे हे त्यांचे काम. सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत सात-आठ पॉइंट. पाहुणे उतरतात, फोटो काढतात, मक्याचे कणीस खातात, पुन्हा बसतात. अण्णा गाडीपाशी उभे. इतक्या वर्षांत एकाही पॉइंटाच्या कठड्याशी जाऊन ते पाच मिनिटे स्वस्थ बसलेले नाहीत. ज्या दिवशी भाडे नसते त्या दिवशी ते घरी असतात. त्या दिवसाला आमच्या घरात सुट्टी म्हणत नाहीत, 'खाडा' म्हणतात. खाडा म्हणजे हजेरी बुडाली, पैसे बुडाले. त्या दिवशी अण्णा कोणाशी फारसे बोलत नाहीत. आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते. तिचाही खाडा होतो, पण त्या दिवशी ती दळण, धुणे आणि घर सारवण्याचे काम काढते. म्हणजे तिला खाड्यातही खाडा नाही. सुट्टी हा शब्द आमच्या घरात शाळेबरोबर आला. तो आम्हा पोरांचा शब्द आहे, थोरांचा नाही.

म्हणून आमच्यापैकी काही मित्र जेव्हा म्हणतात, की आठ दिवस मोटारीतून भटकणे ही श्रीमंतांची चंगळ आहे, देशात एवढे दारिद्र्य असताना असल्या विषयावर लिहूच नये, तेव्हा मला त्यांचे म्हणणे मान्य होत नाही. चंगळ म्हणून विश्रांतीला नाव ठेवले की ती कायमची श्रीमंतांच्याच पदरात पडते. विश्रांती ही मागून, भांडून मिळवण्याची वस्तू आहे, असे आपला स्वतःचा इतिहास सांगतो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची एक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित केले, सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराला वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली. त्याच १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जो जाहीरनामा काढला, त्याच्या २४ व्या कलमात विश्रांतीचा आणि ठरावीक काळाने पगारी सुट्टीचा हक्क प्रत्येक माणसाला आहे असे म्हटले आहे. प्रत्येक माणसाला! त्यात गाडी चालवणारा आला आणि भांगलण करणारीही आली. स्पेनमध्ये नोकरदाराला वर्षाला किमान तीस दिवसांची पगारी रजा कायद्यानेच मिळते. लान्झारोतेवर दगडांकडे बघत बसलेल्या युरोपीय प्रवाशांत लक्षाधीशच असतात असे नाही. बस चालवणारे, कारकुनी करणारे, शाळेत शिकवणारेही असतात. आपल्याला हेवा वाटायचा असेल तर त्यांच्या मोटारीचा वाटू नये. त्यांच्या रजेचा वाटावा.

याचा अर्थ पर्यटकांचे सगळेच चांगले, असे मात्र कोणी समजू नये. लान्झारोतेची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर आणि २०२३ साली तिथे आलेले पर्यटक तीस लाखांच्या आसपास. एका माणसामागे वीस पाहुणे! एवढ्या पाहुण्यांची चादर कोणी बदलायची, त्यांची भांडी कोणी घासायची, आणि जे हे काम करतात त्यांनी राहायचे कुठे? घरे पाहुण्यांना भाड्याने दिली की जास्त पैसे मिळतात, म्हणून तिथल्या कामकऱ्याला परवडणारे घर मिळेनासे झाले. २० एप्रिल २०२४ रोजी कॅनरी बेटांवरील हजारो लोक रस्त्यावर उतरले. आमच्या बेटांना काही मर्यादा आहे, अशी त्यांची घोषणा होती. पाणी, घरभाडे आणि तुटपुंजा पगार या त्यांच्या तक्रारी. आठ दिवसांच्या आरामाचे बिल असे तिसऱ्याच माणसाच्या नावावर फाटते.

ही मर्यादा सेसार मान्रिके नावाच्या चित्रकाराने फार आधी ओळखली होती. १९१९ साली याच बेटावरील आरेसिफे शहरात जन्मलेला हा कलावंत न्यूयॉर्कला राहून १९६० च्या दशकात परतला, तेव्हा पर्यटन नुकते सुरू होत होते. घरे बुटकी आणि पांढरी असावीत, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नसावेत, लाव्हा फोडण्याऐवजी त्याच्या पोकळीतच इमारत बसवावी, असा त्याने आयुष्यभर आग्रह धरला. आपले घर त्याने लाव्हाच्या पोकळ बुडबुड्यांत बांधले. पुढे बेसुमार हॉटेले उभी राहू लागली तेव्हा त्याने त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. १९९२ मध्ये त्याच बेटावर मोटार अपघातात त्याचा अंत झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९९३ साली, युनेस्कोने संपूर्ण बेटाला संरक्षित जीवावरणाचा दर्जा दिला. बेटावर फिरताना आज जे मोकळे क्षितिज दिसते, ते पुष्कळ अंशी या एका माणसाच्या हट्टामुळे शिल्लक आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या कासच्या सड्याचे उदाहरण घ्या. तोही मुळात लाव्हाचाच डोंगर, माथ्यावर जांभ्याचा थर. उन्हाळ्यात बघावे तर उघडा बोडका कातळ. पावसाळा सरता सरता त्याच कातळावर रानफुलांचा गालिचा पसरतो. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशात स्थान मिळाले. फुलांच्या हंगामात तिथेही गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात आणि माणसे मोजून सोडतात. पाहुण्यांना याचा राग येतो. अण्णा सांगतात, "गाडी पार फुलांत न्यायची असते त्यांना. खाली उतरायचं म्हटलं की तोंड वाकडं." फुलांवरून चाक गेले तर पुढच्या वर्षी कोणासाठी यायचे, हा विचार त्या घाईत कोणाला सुचत नाही.

घाई हाच आपल्या सहलींचा मोठा रोग आहे, असे मला वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या सहलीचेच पाहा. पहाटे चारला निघायचे, दिवसात नऊ ठिकाणे 'करायची', अर्धा वेळ बसमध्ये, उरलेला उपाहारगृहापुढच्या रांगेत, आणि रात्री दोनला अंग मोडून परत. दुसऱ्या दिवशी वर्ग ओस पडतात! याला सहल म्हणावे की शर्यत? माझी प्राध्यापक मंडळींना आणि विद्यार्थी मित्रांना नम्र सूचना आहे, की एका वर्षी तरी दोन दिवस एकाच जागी राहावे. तेही 'बघण्यासारखे काही नाही' म्हणून ज्याची ख्याती आहे अशा एखाद्या माळावरच्या गावात. भूगोलवाल्यांनी कातळ पाहावा, अर्थशास्त्रवाल्यांनी डाळिंबाचा हिशेब ऐकावा, मराठीवाल्यांनी म्हाताऱ्यांची बोली ऐकावी. आणि मग सगळ्यांनी संध्याकाळी काहीही न करता ताणून बसावे. खर्चही कमी येईल. मुलींना घरून परवानगी मिळणेही सोपे जाईल; हा मुद्दा मुलांना किरकोळ वाटेल, आम्हांला तो तसा नाही.

शेवटी एकच गोष्ट सांगते. या महाविद्यालयात माझ्यासारखी पुष्कळ मुले-मुली अशी आहेत, की ज्यांच्या घरातून पदवीच्या वर्गात येणारे ते पहिलेच. आपण नोकरीच्या गोष्टी बोलतो त्या पगाराच्या बोलतो. पगार किती, कायम होणार की नाही, बढती कधी. पण उद्या आपल्यापैकी कोणाला नोकरी लागली, तर पगाराबरोबर आणखी एक वस्तू आपल्या घराण्यात पहिल्यांदाच येणार आहे. ती म्हणजे पगारी रजा. ज्या दिवशी काम केले नाही त्याही दिवसाचे पैसे मिळतात, ही गोष्ट आपल्या आईवडिलांना सुरुवातीला खरीसुद्धा वाटणार नाही. ती रजा आली म्हणजे लान्झारोतेला जायला हवे असे नाही. कासचा सडा आहे, माणदेशचा माळ आहे, कोकणातला कातळ आहे. आणि मोटार नसली तर एस्.टी. आहेच. मात्र जाताना घरातल्या खाडेकऱ्यांना बरोबर न्यावे. अण्णांनी त्या दिवशी गाडी चालवू नये. आईने डबा बांधू नये. दोघांनी एखाद्या दगडावर बसून समोरच्या उघड्या रानाकडे बघावे, आणि हजेरी बुडाली असे त्यांच्या मनातही येऊ नये.